व्याधाचा सोबती दिसला नाही, दामू

दामू, मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू रांगत होतास आणि चुलीपुढची राख खात होतास. पुढे तू धुळ्याला शिकलास, जळगावच्या शाळेत गणिताचा मास्तर झालास, तेव्हा सासूबाईंनी मला बजावलं की आता दिराला चारचौघांत भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. मी केलं. पाठ वळली की पुन्हा दामू. आता चारचौघं येऊन, बसून, डोळे पुसून गेलेत, तेरावाही उरकला, तेव्हा मी दामूच म्हणणार. राग आला तर येऊ दे.

जो आला तो एकच म्हणाला, मास्तर तारा झाले. समोरच्या काशीबाई म्हणाल्या, तुझे हेडमास्तर म्हणाले, पाचोऱ्याहून तुझे सासरे आले तेही तेच. मी दात आवळून बसले होते. तू असतास तर लगेच विचारलं असतंस, कुठला तारा, एकटा की जोडीतला, आणि जोडीतला असेल तर वजन किती. हेडमास्तरांची पंचाईत झाली असती. ते नुसते ‘आकाशात, आकाशात’ म्हणत वर बोट दाखवत होते, आणि वर आपल्या माळवदाच्या तुळया होत्या.

मी कुठल्या शाळेत गेले नाही. तू पाटीवर गिरवायचास आणि झोपायचास, मग मी तुझ्या अक्षरांवरून बोट फिरवायचे. माझं शिक्षण एवढंच. म्हणून हे वाकडंतिकडं लिहिते आहे ते तुझ्याच शाळेतलं आहे असं समज.

ते पुस्तक तू धुळ्याहून आणलंस ना, कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं तेव्हा? लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले, तू कसरीनं खाल्लेलं पुस्तक घेऊन आलास. हे म्हणाले, निदान कंदील तरी आणायचास, पुस्तक कशात वाचणार. त्या पुस्तकात तुला व्याध सापडला. म्हणजे व्याध आपल्याला ठाऊकच होता, माघात दिवेलागणीला दक्षिणेकडे ढणाढणा जळत असतो तो. पण त्याला एक सोबती आहे हे तुला तिथं कळलं. तू जेवायला बसलास ते सांगतच. भाकरी हातात तशीच.

मला काही कळेना. एकाला दोन कसे? मग तू मला अंगणात नेलंस आणि म्हणालास, वहिनी, भुलाबाईच्या दिवसांत पोरी फुगडी घालतात ती आठवा. अंधार आहे, एका पोरीनं पांढरं लुगडं नेसलंय, दुसरीनं काळं. काळीवाली दिसत नाही. पण पांढरी जागच्या जागी उभी नाही, मागे रेलून गोल फिरते आहे. मग तिचे हात कुणीतरी धरलेत की नाही? मी म्हटलं, धरलेत, नाहीतर पडली असती. तू म्हणालास, झालं, व्याधाचं तसंच. तो हलतो. सरळ जात नाही, नागमोडी जातो. कुणीतरी हात धरलाय. आणि पांढरी किती मोठा फेरा घेते त्यावरून काळीचं वजनही काढता येतं. लोकांनी वजन आधी काढलं, आणि दर्शन मागाहून झालं.

ते वजन ऐकून मात्र मी हसले. सोबत्याचं वजन म्हणे सूर्याएवढं आणि आकार आपल्या पृथ्वीएवढा. लहान, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबडा नाही, पांढरा. त्याची काडेपेटीभर माती आपल्या अंगणात ठेवली तर उचलायला बैलगाड्या लागतील, असं तू म्हणालास. हे कापसाची सरकी काढायच्या जिनात वजनकाट्यावर बसायचे, रोज कापूस तोलायचे. ते म्हणाले, दामू, न दिसणारा कापूस घेऊन कुणी आला तर मी त्याला पावती देत नाही. तू म्हणालास, भाऊ, म्हणून तर मला तो दिसायला हवा.

इथंच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं होतं, अरे, विलायतेतल्या लोकांनी पाहिलाय, गणितानंही सिद्ध केलाय, मग तुला वेगळं काय बघायचंय? तू म्हणालास, वहिनी, गणित दुसऱ्याचं आहे, डोळे माझे आहेत. मी म्हटलं, लोक देवाबद्दलही असंच म्हणतात, आम्हाला एकदा डोळ्यांनी दिसू दे. तुला इतका राग आला की तू ताटावरून उठलास. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालास की देव हात धरत नाही, वहिनी, सोबती धरतो. आणि निघून गेलास. मला उत्तर द्यायचं होतं. चुलीवर दूध होतं, उत्तर द्यायचं राहिलं.

दुर्बीण विकत घेण्याची आपली ऐपत नव्हती. तेव्हा कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचून तू ठरवलंस की आरसा घरी घासायचा. मुंबईहून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा मागवल्यास. एक काच पिंपावर घट्ट बसवायची, वर कुरुंदाची पूड आणि पाणी, त्यावर दुसरी काच ठेवून पुढेमागे घासायची, आणि घासता घासता पिंपाभोवती चालत राहायचं. वरची काच आपोआप खोल होत जाते, खालची फुगत जाते. ते ऐकूनच मला वाटलं, हे तर जात्याचं काम आहे, हे पुरुषांना काय जमणार. तुझे हात दुखायला लागले की मी घ्यायची, माझे दुखले की तुझी सुभद्रा. नवी सून म्हणून ती आधी लाजायची, मग तिच्याइतकं सारखं घासणारं घरात कुणी उरलं नाही. कुरुंदाचा करकर आवाज गल्लीत ऐकू जायचा. काशीबाईंना वाटायचं आपल्याकडे रोज पुरणपोळीचं दळण निघतंय.

त्या मासिकात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. पाय ज्या दिशेला चालतील त्याच्या उलट दिशेला हातातली काच थोडी थोडी फिरवत राहायची. सासूबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. त्यांनी बघितलं, घरातली माणसं एका गोल वस्तूभोवती फिरताहेत आणि हातातलं उलट्या अंगानं वळवताहेत. म्हणाल्या, उलटं फिरणं मसणातलं, प्रेताभोवती फिरतात तसलं, माझ्या घरात ते चालायचं नाही. तू समजावलंस. त्या ऐकेनात. शेवटी म्हणाल्या, “मी मरसू तवय फिरवजा उलटं. आते नही.”

तू हसलास आणि म्हणालास, बरं आई, उलटं नाही. तुला वाटलं एवढ्याशानं काय बिघडणार. आईचं मन मोडण्यापेक्षा काच हातात तशीच धरावी. सगळी वर्षं आम्ही उजव्या बाजूनं देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा घालत राहिलो, आणि काच एकाच अंगानं घासली गेली. सोनार दागिन्याला झळाळी देतात त्या तांबड्या पुडीनं तिला आरशासारखी चमकवली, चांदीचा मुलामा चढवला, नळी बसवली, वर माळवदाच्या धाब्यावर नेली. चंद्र छान दिसला. सासूबाईंना खास धरून वर नेलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “करपेल भाकर शे.” आपण सगळे हसलो. मग तू दुर्बीण व्याधाकडे वळवलीस आणि तुझा चेहरा उतरला. तारा गोल नव्हता. तुरीच्या दाण्यासारखा लांबट होता. त्या लांबट उजेडात सोबती असला तरी कुणाला दिसणार?

तू आईला एक शब्द बोलला नाहीस. मलाही सांगितलं नाहीस, मी नंतर ओळखलं. दुसरी काच घ्यायला बरेच दिवस गेले, आणि ती घासायला घेतली तोवर सासूबाई गेल्या होत्या. मग उलटं फिरवलं. त्यांचा शब्द आपण बरोबर पाळला, नाही?

आणि त्या गेलेल्या वर्षांची किंमत काय होती ते तुलाच ठाऊक होतं. सोबती व्याधाभोवती पन्नास वर्षांत एक फेरी घालतो. त्याची वाट लांबट आहे. लांब असतो तेव्हा रमतगमत जातो, जवळ येतो तेव्हा धावत सुटतो. तू पुस्तक आणलंस तेव्हा तो लांब होता, वेगळा दिसण्यासारखा. त्यानंतर तो दर वर्षी आत सरकत होता, आणि व्याधाचा उजेड असा की जवळचं सगळं गिळून टाकतो. तू भिंतीवर कोळशानं ती वाट काढली होतीस आणि दर हिवाळ्यात त्यावर एक ठिपका पुढे द्यायचास. आम्ही घासत होतो आणि तो आत येत होता. सुभद्रा एकदा म्हणाली होती, हे म्हणजे दार बंद व्हायच्या आत पोचायचं आहे. तू म्हणालास, अगदी तसंच.

दुसरा आरसा चांगला झाला. हे मला म्हणायलाच हवं, कारण तू कधी म्हणाला नाहीस. पुनर्वसूतला एक तारा तू मला दाखवलास, नुसत्या डोळ्यांनी एक, त्यात दोन. शेजारी शेजारी, गोल, टोकदार, शांत. मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिसलं असं वाटलं. घरकामात डोळे असतातच, पण दिसत काय असतं? तुझ्यामुळे दिसलं. हे तुझ्यापाशी बोलायचं राहून गेलं. मी म्हटलं होतं, ‘बरं आहे.’ नुसतं ‘बरं आहे’ म्हटलं होतं रे.

व्याधासाठी तू संध्याकाळ धरायचास. काळोख पडल्यावर त्याचा उजेड फार होतो, आकाश अजून निळं असताना बघितलं तर तो जरा मवाळ असतो. आणि तू म्हणायचास की विलायतेत तो बिचारा क्षितिजाला घासत जातो, आपल्याकडे उंच चढतो, हे आपलं भाग्य. सोनाराकडून केसाएवढी पितळेची पट्टी करून आणलीस, ती डोळा लावायच्या भिंगाच्या तोंडाशी लावलीस, तिच्याआड व्याध लपवायचा म्हणजे शेजारचा दिसेल. सोनार म्हणाला, मास्तर, एवढ्या पट्टीत मुंगीची नथसुद्धा व्हायची नाही. माघ-फाल्गुनातल्या त्या थोड्या संध्याकाळी, त्याही हवा निवांत असली तर. आपल्याकडे दिवसभर तापलेली धाबी आणि पत्रे संध्याकाळी वाफ सोडतात, तारा पाण्यातल्यासारखा हलतो. एक वर्ष हवेनं खाल्लं, एक धुळीनं, एक वर्ष मुलामा काळवंडला.

मग ती संध्याकाळ. तू धाब्यावरून खाली ओरडलास, वहिनी, आहे. एवढंच. आम्ही धावलो. सुभद्रा बघून म्हणाली, हो, बारीक ठिपका आहे. मीही बघितला, खरंच होता. ती खाली जाऊन शिरा करायला लागली. तूप तिनं हात न आखडता घातलं, वास वरपर्यंत येत होता. आणि तू, सवय कुठली तुझी, खात्री करायला भिंग जागच्या जागी जरा फिरवलंस. ठिपकाही फिरला. तारा असता तर जागेवर राहिला असता. तो भिंगातल्या काचेचा उजेड होता, कुठल्यातरी पृष्ठावर आपटून आलेला. तू पुन्हा फिरवलंस, पुन्हा तो फिरला. खाली येऊन तू आम्हाला सांगितलंस, तसंच, वर्गात सांगतात तसं. मग आपण शिरा खाल्ला. ह्यांनीही काही टोमणा मारला नाही, आणि ह्यांनी टोमणा न मारणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

पुढे लढाई आली. रॉकेल मिळेना, गावात दिवे कमी झाले. तू म्हणालास, चला, एवढं तरी आपल्या बाजूनं झालं. पण खोकलाही आला. डॉक्टरांनी छातीला कान लावला आणि ह्यांना बाहेर बोलावलं. भिंतीवरचा कोळशाचा ठिपका त्या वर्षी वाटेच्या अगदी आतल्या टोकाशी आला होता. तू मला सांगितलंस की आता तो जितका जवळ यायचा तितका आलाय, इथून वळेल, पुन्हा बाहेर पडेल, पण दिसण्याइतका लांब जायला बरीच वर्षं लागतील. मी मनात तुझं वय धरलं आणि माझं वय धरलं, आणि दोन्ही पुरत नव्हती.

तरी तू हट्ट सोडला नाहीस. म्हणायला लागलास, वाट काढताना विलायतेतल्या लोकांची चूकही झाली असेल. हवा एखादे दिवशी अगदी आरशासारखी निवांत असेल. पूर्वी तू असं कधी बोलला नसतास. मी ऐकून घेत होते. आजारी माणसाशी भांडायचं नाही असं मला शिकवलेलं आहे, ते चुकीचं शिकवलं. तुझ्याशी भांडायला हवं होतं. तू माझ्याशी भांडताना सगळ्यात धडधाकट असायचास.

चैत्रात ह्यांनी आणि शेजारच्या दोघांनी तुझी बाज उचलून धाब्यावर ठेवली. तुला उठवत नव्हतं. डोळा लावायचं भिंग नळीच्या वरच्या टोकाला, तिथं डोळा लावायला तुला उभं राहावं लागलं असतं. तू पडल्या पडल्या आम्हाला सांगून दुर्बीण फिरवून घेतलीस. व्याध पश्चिमेकडे कलला होता, आकाश अजून निळं होतं. वारा पडला होता, आणि हे मला नुसतं वाटलं असं नाही, हवा खरंच निवांत होती. मी स्टुलावर चढले. व्याध पट्टीआड घेतला. पट्टीच्या दोन्ही कडांनी उजेड सांडत होता. मी बघत राहिले. सुभद्रा तुझ्या उशाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“दिसला का?”

“नाही.”

तू धाब्याच्या कठड्याच्या भिंतीकडे तोंड वळवलंस. मग खोकलास. मग ह्यांनी बाज खाली उतरवायला माणसं बोलावली. वैशाखात तू गेलास.

काल सगळे पाहुणे गेल्यावर सुभद्रानं भांडी घासता घासता मला विचारलं. वर बघितलं नाही. “तुम्ही हो म्हणाला असतात, जाऊबाई, तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं, तो खरं धरून चालणारा माणूस होता. ती म्हणाली, ते तर जाणारच होते. तुम्हाला राहायचं होतं, तुमचं खरं तुमच्यापाशी राहिलं असतं. मी तिला काय सांगणार? तिचं कुंकू गेलं, मूल नाही, बाकी सगळं घर आहे तसं आहे. ती माझ्याशी आज सकाळपासून बोललेली नाही. मी वाढते, ती जेवते.

मी विचार केला, दामू. रात्रीही केला, आत्ताही करते आहे. मी हो म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठल्या बाजूला. आणि मला बाजू माहीत होती. भिंतीवर इतकी वर्षं रोज बघत होते. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हेही तूच शिकवलंस, तेही धरून मी बरोबर बाजू सांगितली असती. तुला एवढीशीसुद्धा शंका आली नसती. तुझं शिकवणं माझ्यात चांगलं उतरलं होतं. पण मला ते सुचलंच नाही. तू विचारलंस, मी बघितलं होतं ते सांगितलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. तू विचारशील त्याचं उत्तर द्यायची मला सवय लागली होती, एवढंच.

सुभद्रा म्हणते तू त्यानंतर जगायचं सोडून दिलंस. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं. हे म्हणतात, आता ते उकरून काय करायचं. दुर्बीण शाळेला द्यावी असं हेडमास्तरांचं म्हणणं आहे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शाळेतली मुलं चंद्र बघतील. सोबती आता कुणाला दिसणार नाही. तो पुन्हा लांब जाईल तेव्हा आरशावरचा मुलामा उडालेला असेल, मी नसेन, सुभद्रा असली तर म्हातारी असेल आणि तिला वर चढायचं नसेल.

तू भिंतीकडे वळलास तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं होतं. स्टुलावरून उतरेपर्यंत माणसं आली, बाज उचलली. तू माझ्यावर रागावून वळलास, की त्या ताऱ्यावर, की नुसता थकला होतास, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर तुझ्यात बोलण्याची ताकद उरली नाही. आता विचारते आहे, आणि तू सांगणार नाहीस.